स्लॉट दोन

ताहेर आला तेव्हा विक्रोळीत लाइट गेलेली.
म्हणाला, चालू करून दाखवा.
मी म्हणालो, चालू आहे, आईशप्पथ.
त्यानं तो करडा डबा कानाशी धरून हलवला,
नारळ घेताना हलवतात तसा,
आणि बावीसशे मोजले. एक नोट फाटकी.
फाटक्या नोटेवरून मी हुज्जत घातली,
बाकी कशावरूनच नाही.

पिशवी मीच भरली :
दोन रिमोट, एकाचं डावं बटण चिकटणारं,
सतरा सीड्या, त्यातल्या खऱ्या तीन,
आणि स्लॉट दोनमधलं कार्ड
काढायचं राहून गेलं.

राहून गेलं, असं मी सांगत आलोय.
खरं तर त्यानं विचारलं होतं, कार्ड आहे ना आत?
मी म्हणालो, असू दे.
स्लॉट एकमधलं, माझं,
आधीच खिशात होतं.

दोनमधलं नीलाक्षीचं.
बारावीची पुस्तकं मिटून रात्री साडेअकराला,
आवाज बंद, टीव्हीवर आईची जुनी ओढणी टाकून
ती खेळायची. काय खेळायची, मी कधी बघितलं नाही.
माझे अठ्ठ्याऐंशी तास झालेले,
किल्ला घेतलेला, राजा मारलेला.

बावीसशेत इंटरव्ह्यूचे बूट आले.
चावले. नोकरी दुसऱ्यालाच लागली.

पुढे पगार सुरू झाला तशी लॅमिंग्टन रोडची वारंवारता वाढली.
हंसराजच्या दुकानात एकदा तोच डबा,
न फोडलेला, अठराशेला.
एटीएममधून पैसे काढले, आणि ऊन होतं म्हणून
कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो, आलं-लिंबू घालून.
परत येतो तर एक बाप मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत
सुटे पैसे मोजून घेत होता.
आज त्या डब्याचे चाळीस हजार सांगतात.
इतका महाग रस
मुंबईत कुणी प्यायला नसेल.

मग सूट दिसली की घेत सुटलो.
एकशे तेहतीस गेम, मोबाइलवरून, झोप येत नाही तेव्हा.
संयोगिता विचारते, हे खेळणार कधी?
मी म्हणतो, बघू.
ती कुकरच्या शिट्ट्या मोजते.

बोरिवलीला, भाचीच्या वाढदिवसाला,
नीलाक्षी ओलं खोबरं खवत होती. तिला सांगून टाकलं.
विसरलो नव्हतो गं. दिलं होतं.
तिचा हात थांबला नाही.
म्हणाली, त्यात होतं काय?
मी लढायचेच नाही.
पहिल्या गावात विहिरीपाशी एक म्हातारी असायची बघ,
एकच वाक्य बोलणारी.
सीडी जपानी, कळायचं काहीच नाही.
तिचं बोलून झालं की मी बोलायचे.
मराठीत.

काय बोलायचीस?

हा नारळ खवट निघाला, ती म्हणाली,
दुसरा फोड.

परवा ग्रँट रोडच्या एका पोराकडून
तसाच डबा घेतला. किंमत सांगत नाही, संयोगिता वाचेल.
हलवून पाहिला.
कार्ड आहे ना आत? मी विचारलं.
पोरगं म्हणालं, असेल, बघितलं नाही.

माझं कार्ड, वीस वर्षं ड्रॉवरमध्ये जपलेलं,
स्लॉट एकमध्ये घातलं. कोरं.
अठ्ठ्याऐंशी तास, किल्ला, राजा,
काही नाही.

दोनमध्ये कुणाचे तरी चार तास सव्वीस मिनिटं.
उघडलं.
गाव. विहीर. म्हातारी समोर.
यात काही विशेष नाही, खेळ तिथेच सुरू होतो,
सगळेच आधी तिथेच उभे असतात.
रिमोटचं डावं बटण चिकटतं,
जुनी बटणं सगळीच चिकटतात.

ती बोलली, तिचं ते एक वाक्य.
मग चौकोन रिकामा झाला
आणि खाली तो बाण, लुकलुकणारा,
आता तुम्ही बोला म्हणणारा.

मी उठून पंखा बंद केला.