घसारा

टमालेच्या उत्तरेला, जिथे डांबरी रस्ता
कंटाळून स्वतःच माती होतो,
तिथे आमचं कृषी महाविद्यालय.
कुलसचिव शहरात बसतात, मुख्य आवारात, पंख्याखाली.
मी इथली सहायक, अझारा इद्रिसू.
म्हणजे चाव्या माझ्याकडे,
आणि शिव्याही.

हरमॅटन सुटला की वाळवंटच येऊन बसतं टेबलावर.
फाइल उघडण्याआधी ती झटकावी लागते.
आवक क्रमांक, जावक क्रमांक,
आणि मधल्या मध्ये बावीस वर्षं.

यंदा अक्राहून लेखापरीक्षक आले,
मिस्टर ओपोंग-न्यार्को. कडक इस्त्री, पाण्याची बाटली स्वतःची.
जंगम मालमत्तेची वही मागितली.
"गायी नऊ," त्यांनी वाचलं,
"गोठ्यात डोकी अकरा."
म्हटलं, दोघी व्याल्या.
"खरेदीचा आदेश?"
म्हटलं, साहेब, वळू निविदा मागवत नाही.
ते हसले नाहीत. पेन तेवढं जरा थबकलं.

"आणि घसारा? दरसाल दहा टक्के."
मी रात्री बसून लावला.
गाय क्रमांक चार, इथे येऊन सात वर्षं.
कागदावर उरली तीस टक्के:
एक पाय, शेपूट, थोडंसं हंबरणं.
खिडकीबाहेर ती अख्खी उभी होती,
शियाच्या झाडाला अंग घासत.

त्याच आठवड्यात वीज गेली.
जनरेटर एकच, म्हातारा, एका वेळी एकच ओझं ओढणारा.
डिझेल तीन दिवसांचं.
एका तारेच्या टोकाला परीक्षा विभाग, निकालांची छपाई;
दुसऱ्या तारेला बियाण्यांची शीतखोली.
सातशे बाटल्या, ज्वारी, बाजरी, बांबारा शेंगा.
प्राध्यापक सुलेमाना सायकलवरून गोळा करायचे,
चिठ्ठीवर गावाचं नाव, देणाऱ्या बाईचं नाव
आणि "पाऊस उशिरा आला तरी येते" असलं काहीबाही.
त्यातली काही गावं आता नकाशात नाहीत.
त्या बायाही.

डीनसाहेबांचा फोन: निकाल आधी. मुलं आधी.
ते चुकत नव्हते.
शुक्रवारी नोकऱ्यांच्या अर्जाची मुदत संपत होती.
मी शेडमध्ये उभी राहिले, खटक्यावर हात ठेवून,
डिझेलचा वास नाकात, डास कानाशी,
आणि खटका शीतखोलीकडे ओढला.
का, हे मला त्या रात्रीही नीट सांगता आलं नसतं.

शुक्रवारी फाटकाशी घोषणा झाल्या. ते सोपं होतं.
वुंपिनी अबू घोषणा द्यायला गेली नाही.
ती खिडकीशी आली, हळू म्हणाली,
"मॅडम, माझ्या घरी मीच पहिली."
पुढे काही बोलली नाही.
मी लेटरहेड काढलं, हातानेच लिहिलं:
निकाल तयार आहे, वीज नाही, ही मुलगी उत्तीर्ण आहे.
सही. शिक्का.
तिच्यामागे रांग लागली.
टॉर्चच्या उजेडात दोनशे सहा पत्रं लिहिली,
शेवटच्या चाळीसांवर शिक्का उमटलाच नाही,
शाईची गादी कोरडी पडली होती.
कुठे चालली ती पत्रं, कुठे नाही,
कुणी कळवलं नाही.
वुंपिनीनेही नाही.

अहवाल आला आहे.
"डिझेलचा अनधिकृत वापर. खुलासा करावा."
खुलाशाचा रकाना दीड बोट रुंद.
सकाळपासून तो कोराच आहे.
मधून मधून धूळ बसते, मी फुंकते.

गाय क्रमांक चार पुन्हा गाभण आहे.
वहीत तिचे आता वीस टक्के उरलेत.
समासात मी एक टिंब ठेवलंय, पेन्सिलने,
म्हणजे वेळ आलीच तर खोडता येईल.