डोकं काढ

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
म्हशीच्या नाकाला नाक लावून आलेली ही पोरगी,
येसू, वय वर्षं दोन न् वर दीड महिना,
रंकाळ्यावर सशाला बघून
माझ्या शर्टात शिरली.

ससा माणसाएवढा. गुलाबी. एक कान मोडका,
पोटावर आइस्क्रीमच्या दुकानाचं नाव.
तो जरा हात हलवायचा
की हिचा सूर आणखी वर.
भेळवाला कांदा चिरायचा थांबला.
एक काकू म्हणाल्या, "दृष्ट काढा हो."
बायको म्हणाली, "आधी फोटो काढा."

शेवटी दमून ससाच कठड्यावर टेकला,
आणि दोन्ही हातांनी
त्यानं स्वतःचं डोकं उचलून मांडीवर ठेवलं.
आतून घामानं निथळणारा पोरगा निघाला,
नुकतं मिसरूड फुटलेला.
"पाणी हाय का वो, दाजी?"

येसू गप्प.
एकदा वरचं डोकं बघते, एकदा मांडीवरचं.
मग सरसर खाली उतरली,
मुठीतलं भडंग आधी मांडीवरच्याला भरवलं.
दातांत दोन शेंगदाणे अडकले.
उरलेला एक ओला कुरमुरा
त्या पोराला.
"लई आवडलं म्हणतोय," पोरगा सशाच्या वतीनं बोलला.

दिवाळीची सुट्टी संपली.
आता रोज मी कामावरून आलो
की बूट सुटायच्या आत
ती खुर्चीकडे बोट करते:
"बाबा, डोकं काढ."

गल्लीत हेल्मेट घालणारा मी एकटाच.
मी ते काढून खुर्चीवर ठेवतो.

ती बघत राहते.
"अजून."