जलद

सतरा ट्रक उभे आहेत वादीच्या अलीकडे.
कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात.
पलीकडे गाव आहे, तिथली चूल दिसते,
धूर निघाला तर.

रस्त्यावर आडवी एक दोरी.
नाकं म्हणजे एवढंच.
एक टोक बाभळीला, दुसरं खातिरच्या मनगटाला.
वय तो एकोणीस सांगतो,
ओठांवरची लव सोळा सांगते.

तिजानी ड्रायव्हरकडे कागद आहेत
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोटाशी बांधलेले.
सात सह्या झाल्या. आठवी कुठे अडली
कुणी सांगत नाही.
माशी शिंकली म्हणावं
तर माश्या सगळ्या इथेच आहेत,
चहाच्या पेल्यावर, बॉनेटवर,
बत्तिसाव्या दिवसावर.

कायद्यात लिहून ठेवलंय,
दूरच्या एका थंड शहरात, चांगल्या कागदावर
आणि बहुतेक मनापासून,
की मदतीला जाऊ द्यावे, जलद आणि विनाअडथळा.
मी ते कलम तीनदा वाचलं.
माझ्या भाषेत जलद म्हणजे लवकर
आणि जलद म्हणजे ढगही.
कायद्याला हा दुसरा अर्थ ठाऊक नसावा.

तपासणीचा अधिकारी सभ्य होता.
चहा घेतला, ड्रायव्हरांच्या घरची चौकशी केली.
ज्वारी पास केली, तेल पास केलं,
साबणाच्या वड्या स्वतः मोजल्या,
आणि सुईणीच्या पेटीतून कात्री काढून घेतली.
दुहेरी उपयोगाची वस्तू, म्हणाला.
खरंच होतं ते.
कात्रीनं नाळ कापता येते,
दोरीही.

संध्याकाळी कल्तूमाच्या शेळ्या येतात.
खातिर हात वर करतो, न बघता,
केस मागे सारावेत तसा.
शेळ्या खालून जातात, एक काळी उगाच रेंगाळते.
मागून कल्तूमा, वाकून.
तिच्या पदराच्या गाठीत मूठभर ज्वारी असते.
तिजानीनं सील तोडलेलं नाही.
एक पोतं तळाशी उसवलंय,
कसं ते मला विचारू नका.
तसे दाण्यांत सोंडेही झालेत,
त्यांनी कुणाची परवानगी घेतली?

पलीकडची सुईण, झमझम,
रोज कल्तूमाला विचारते, कात्री येतेय ना.
येतेय, म्हणते कल्तूमा.
शेळीला पाणी दाखवत, तोंड फिरवून म्हणते.

चव्वेचाळिसाव्या दिवशी आठवी सही आली.
तीन ट्रकांपुरती.
संध्याकाळी पाचपर्यंत.

तिजानीनं इंजिन चालू केलं, बंद केलं,
खाली उतरून चाकांना हात लावला,
पुन्हा चढला.
चौदा जणांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.
दोन वाजले होते.
इथे थेंबही पडला नव्हता,
पाऊस कुठेतरी वरच्या डोंगरात झाला असेल.
आधी आवाज आला, जात्यात रिकामा दगड फिरावा तसा.
मग वादी आली.
तांबडी, रुंद, उपटलेली झाडं घेऊन,
एक खाट घेऊन, कुणाची तरी.

जलद पोचला.
विनाअडथळा.

शेळ्या या काठाला राहिल्या, कल्तूमाही.
दोरीचा मधला भाग पाण्यात बुडालाय,
टोक अजून खातिरच्या मनगटाला,
प्रवाह ते खेचतोय
आणि सोड असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्या काठावर झमझम आलीय.
काहीतरी ओरडते, ऐकू येत नाही.
मग ती हात उंच धरते
आणि दोन बोटं उघडते, मिटते,
उघडते, मिटते.

तिजानीला कळतं.
कल्तूमा खाली बसते.
खातिर आधी त्या बोटांकडे पाहतो,
मग स्वतःच्या मनगटाकडे.