किमान तापमान

रोज सकाळी सातला मी पांढऱ्या पेटीचं दार उघडतो,
नळीतली बारीक दांडी कुठे थांबली ते बघतो
आणि वहीत आकडा टाकतो.
तोरणमाळ, अकरा जानेवारी : दोन पूर्णांक चार.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो सहसा कोराच जातो.

अंबालालने दोन रोपं आणली
पपईच्या क्रेटमधून, जीपच्या मागच्या सीटवर.
"शहाद्याला पाच वर्षं ठेवलं मी एक," म्हणाला,
"पानं बघ तर ढीगभर, फूल औषधाला नाही.
त्याला म्हणे आधी थंडी खावी लागते.
तुझ्याकडे फुकटची पडलीय, घाल त्याला."
नाव विचारलं. जैतून.
त्या दिवशी शेरा लिहिला.

थंडीचंच भय होतं मला.
जिनिंगवरची जुनी पोती आणली,
संध्याकाळी खोडाला गुंडाळायचो,
उन्हं आली की सोडायचो,
लहान पोराची कुंची सोडावी तसं.
गवतावर दव गोठून मीठ पसरल्यागत दिसायचं
आणि रोप आपलं उभं,
पानांची चंदेरी पाठ वाऱ्याला दाखवत.

थंडीने नाही गेलं.
ऑगस्टात, बावीस दिवस सूर्य नव्हता तेव्हा, एक गेलं.
उपटलं तर मुळं काळी,
हातात भिजक्या सुतळीसारखी तुटणारी.
शेरा : एक मेलं. कारण पाणी.

रेलकीबाई कचेरी झाडायला येते.
खड्ड्यात वाकून बघितलं तिने, आणि माझ्याकडे.
"भातासारखं लावलंस तू हे.
ह्याला उतार दे. पाणी पाव्हण्यासारखं यावं,
पाय धुवावेत, निघून जावं."
मग आम्ही मुरूम आणला, फुटकी कौलं, ओहळाची रेती,
गुडघाभर उंचवटा केला
आणि अंबालालकडून दुसरं रोप मागवलं.
एकट्याला फळ धरत नाही, असं तोच म्हणाला होता.

मे महिन्यात पारोळ्याहून भावाचा फोन :
"आठे पंखा बी तापेल वारा दी ऱ्हायना, भो.
तुन्हं काय?"
मी किमान सांगितलं. एकोणीस.
तो बराच वेळ काही बोललाच नाही.

छाटणी मला जमायची नाही.
जिवंत फांदीवर हात उचलायचा कसा?
रेलकीबाईने कोयता घेतला, मधला गुंता काढून टाकला,
झाडाची ओंजळ केली.
"आतून चिमणी गेली पाहिजे," म्हणाली, "पंख न घासता."
पुढे चार दिवस मी चिमणीची वाट बघितली.
गेला तो एक बुलबुल,
तोही बाजूने.

सातव्या वर्षी, एप्रिलात, फुलं.
तांदळाच्या कणीएवढी, वास जवळजवळ नाहीच.
दोन झाडांमध्ये नऊ पावलांचं अंतर,
मधे नुसता वारा.
कोणी कोणाला काय दिलं, वहीत नोंद नाही.
बरीच गळाली. अकरा फळं राहिली.

सप्टेंबरात एक तोडून चावलं.
कडू! जीभ आत ओढली गेली, कानामागे कळ.
मी थुंकलो. रेलकीबाईनेही चावलं, थुंकली,
आणि हसत हसत पायरीवर बसलीच.
"सात वर्षं गोधडी घालून
कडू जपलंस तू!"

डोळे पुसून उठली.
उरलेल्या नऊ फळांना चीर दिली, चुलीतली राख चोळली,
फडक्यात बांधून ओहळाच्या धारेत ठेवली, वर दगड.
"आमच्याकडे रानातला कडू कांदा
असाच माणसांत येतो," म्हणाली.
"रात्रभर वाहतं पाणी लागतं. कधी दोन रात्री.
हे लांबून आलंय,
ह्याला जास्त लागतील."

चौथ्या सकाळी पेटीआधी मी ओहळावर गेलो.
तिने एक फळ काढलं, अर्धं मला दिलं.
दोघांनी चावलं. कोणी थुंकलं नाही.
तिने मान हलवली आणि पुरचुंडी परत पाण्यात सोडली.

तेवीस सप्टेंबर : सतरा पूर्णांक एक.
शेरा :
अजून कडू. कालच्यापेक्षा कमी.