परिशिष्ट अ

दापोली कोर्टाच्या कंपाउंडला टेकून माझं टेबल.
एका बाजूला स्टँपवाला गोंधळेकर,
दुसऱ्या बाजूला ऊन.
प्रिंटरवर मेणकापड, कारण वरून सुरंगी गळते.
फिर्यादीचे पानाला वीस रुपये.
मजकूर खरा की खोटा
हे माझ्या दरात येत नाही.

कंपनीचे वकील म्हणाले, घ्या.
मी घेतलं:
आरोपी जुईली महादू पावसे, वय तेवीस, धंदा मासळीविक्री,
हिने रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी
स्वतःच्या मोबाइलवरून
खालील वादग्रस्त मजकूर सार्वजनिक केला.
खालील म्हणजे हा:

खाडी काळी कुणी केली ते खाडीला नका विचारू,
दाखला देणाऱ्याला विचारा.

एवढंच. सोबत एक फोटो,
पोट वर करून पडलेल्या बोयांचा.
सकाळी फोनवर त्या जागी राखाडी चौकोन होता:
हा मजकूर आपल्या देशात उपलब्ध नाही.
देशात नव्हता.
खाडीवर होता, वास येत होता.

वकील सांगत गेले. ॲपवाले वेगळे, कंपनी वेगळी,
ॲपवाले म्हणजे कायद्यात मध्यस्थ.
मध्यस्थ टाइप करताना मला हर्णैचा दलाल दिसला,
इब्राहिम होडेकर, संध्याकाळच्या वाळूत,
पाट्यांच्या मधोमध उभा.
बोली पुकारतो, शेकडा पाच घेतो,
आणि सुरमईचा भाव पाडला
तर बायका त्याच्या सात पिढ्या तिथल्या तिथे काढतात.
त्याला तोंड आहे. तोंडावर बोलता येतं.
ह्या मध्यस्थाला फक्त ईमेल.
रात्री पावणेदोनला उत्तर येतं
आणि खाली नाव नसतं.

पण मी काही साधू नाही.
तीन वर्षांपूर्वी ह्याच बोटांनी एक अर्ज केला होता.
भाचीचा चेहरा कुणीतरी
भलत्याच धडावर लावून फिरवला होता.
तेव्हा मला हाच कायदा हवा होता,
ह्याहून कडक, आजच्या आज.
बहीण जेवत नव्हती.
एक्केचाळीस दिवस लागले.
जुईलीचं वाक्य एका रात्रीत गेलं.
दोन्ही आकडे मी एकाखाली एक मांडतो
आणि मधे चिन्ह कुठलं घालावं, सुचत नाही.

एक गंमत मात्र झाली.
बदनामी सिद्ध करायची तर
मजकूर जसाच्या तसा लागतो.
जे सगळीकडून पुसलं
ते मी चार प्रतींत काढलं,
काना-मात्रा न हलवता.
पान सात, परिशिष्ट अ.
लाल दोरी, गोल शिक्का.
वाळवी लागेपर्यंत आता त्याला धक्का नाही.

तारखेला जुईली आली.
बर्फानं फुटलेले हात पदराखाली धरून उभी.
"भाऊ, माजा लिवलेला ह्यांच्याकडं हाय म्हंजे?"
आहे, म्हटलं. कपाटात.
नक्कल मिळते. अर्ज करावा लागतो.

परवा पहिल्या एसटीनं सातजणी उतरल्या,
पाट्या डोक्यावर, काही रिकाम्या.
सात अर्ज.
त्यात एक रकाना असतो:
नक्कल कोणत्या कामासाठी हवी.
वकील लोक तिथे काहीबाही घालतात.
मी बोटं उचलून बसलो.
द्रौपदी चोगले, सगळ्यांत म्हातारी,
अंगठा उठवणारी, खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाली,
लिव, वाचायला.

सातही अर्जांत तेच लिहिलं.
पैसे घेतले, सोडले नाहीत.
एकीकडे सुट्टे नव्हते,
तिनं दोन बांगडे कागदात गुंडाळून
प्रिंटरशेजारी ठेवले.