हीटर

सत्तरीतल्या ठाण्याची डिसेंबरातली थंडी
किनाऱ्यावरच्या माणसांना खरी वाटत नाही.
झिलू माजिकाच्या मिनीबसला वाटते.

पहाटेचे पाच चाळीस.
चावी अर्धी फिरवायची आणि थांबायचं.
डॅशबोर्डावर नारिंगी वेटोळं उजळतं,
पुढे बॉनेटखाली चार कांड्या तापत असतात.
झिलू घड्याळ बघत नाही,
थांबे पुटपुटतो:
वाळपई, होंडा, साखळी, डिचोली,
अस्नोडा, म्हापसा.
म्हापसा आला की चावी पुरी.

आज म्हापसा आला आणि इंजिन
नुसतं खोकलं. पांढरा धूर,
न जळलेल्या डिझेलचा वास.
मागे शुक्रवारच्या बाजाराचा सुरण,
सुपारीचं पोतं, आणि शेवंतीमावशी,
शाल तोंडावरून, एक डोळा उघडा:
"उतरून ढकलूं काय रे?"
"बस गो."

बॅटरीत आता एकाच खेपेपुरता जीव.
त्याने आतला दिवाही मालवला.
काळोखात तेवढं वेटोळं.
या वेळी तो उलटा निघाला,
म्हापसा... अस्नोडा...
प्रत्येक थांब्यावर जरा जास्तच रेंगाळत,
कुणी पिशवी सावरत धावत येत असल्यासारखा.
डिचोली. साखळी.
होंड्याला त्याचा आवाजच बसला.
वाळपई त्याने म्हटलीच नाही,
ती शेवंतीमावशीने म्हटली.

चावी.
एक दचका, मग दुसरा,
मग सगळ्या काचा एकदम दात वाजवू लागल्या,
सुरण कलंडला, वडावरून वटवाघूळ उडालं.

"पावलो काय रे?" तिने शालीतून विचारलं.
बस अजून वडाखालीच उभी होती.