साडेसहा फूट

समाजमंदिरात पंखे तीन, चालू एक.
त्याच्याखालच्या खुर्च्या आधीच गेलेल्या.
पालिकेचे साहेब, हातात छापील तक्ता:
नवं अग्निशमन केंद्र, एकशे दहा कॅमेरे,
रात्रीच्या गस्तीला दोन गाड्या,
आणि खाली, बारीक अक्षरात, घरपट्टी.

प्रल्हाद बच्छाव उठला.
"भो, माझं पेन्शन अकराशे सत्तर.
पट्टी गेल्या साली एकोणीसशे, औंदा चार हजार दोनशे.
चोरानं खुशाल यावं माझ्या घरी.
बिल दाखवतो त्याला, तोच शंभर ठेवून जाईल."
हशा. साहेबही हसले, मग तक्त्यात बघू लागले.

कुंदा सोनजे हसली नाही.
गळ्याशी हात नेला तिनं, जिथं आता नुसता काळा दोरा.
"कोपऱ्यावरचा दिवा सात महिने बंद.
दुचाकीवर दोघं होते. पोत मागच्यानं ओढली.
दिव्याला पैसे लागतात तर घ्या.
पण मग दिवा लागू दे."

रौफ शेखचा प्रश्न हिशोबाचा:
मागच्या खेपेचे कॅमेरे चाळीस,
त्यातले बघतात किती,
आणि बाकीचे कुणाची वाट बघतात?

मग सगळेच.
पाणीपट्टी निघाली, घंटागाडी निघाली, कुत्रे निघाले,
कुणी पाथर्डीकडे दिसलेला बिबट्या काढला,
गंगापूर रोडला रस्ते अन् सिडकोला पावत्या,
असं कुणी मागून ओरडलं.

मी गप्प. मी टर्नर, अंबडला एकतीस वर्षं.
खिशात घडी केलेला कागद.
रविवारी पहाटे, दूधवाल्याच्याही आधी,
मी आमची गल्ली टेपनं मोजली होती:
तोंडाशी सोळा फूट.
बच्छावच्या जिन्यापाशी अकरा.
सोनजेंच्या दुकानाच्या फळीपाशी नऊ.
शेखच्या टाकीपाशी आठ फूट चार इंच.
माझ्या ओट्यापाशी साडेसहा.
बंबाची रुंदी केंद्रावर जाऊन विचारली होती.
तिथला पोरगा म्हणाला, काका, कशाला?
म्हटलं, सहज.

ओटा मी बांधला नव्याण्णव साली, बोनसमध्ये.
कोबा स्वतः घोटला. लेव्हल अशी,
की गोटी ठेवा, हलणार नाही.
पट्टी वाढली ती ह्या ओट्याचीच.
पालिकेचा माणूस आला, वाढीव बांधकाम म्हणून
ओटा मोजून गेला.
उरलेली गल्ली त्यानं मोजली नाही.

तेव्हा दाराजवळून सरलाबाई बागूल बोलल्या.
त्या येतील असं कुणाला वाटलं नव्हतं.
दिवाळीनंतरच्या त्या रात्रीपासून
त्यांच्या घरासमोर आम्ही चाल वाढवतो.
उभ्या राहिल्या नाहीत. आवाज चढवला नाही.
"बंब आला होता," म्हणाल्या.
"अकरा मिनिटांत. मी घड्याळ बघत होते.
मग कोपऱ्यावर उभा राहिला.
पाइपाला पाइप जोडत होते बिचारे.
हे खाटेवर होते."

पंख्याला दर फेरीला एक खट्ट आहे, ते तेव्हा कळलं.
साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.
बच्छाव चपलांकडे बघत होता.
"नोंद घेतो," साहेब म्हणाले.
विषय पुढच्या सभेत.

घरी आलो. बायकोनं विचारलं, काय ठरलं?
म्हटलं, मुदतीत भरली तर पाच टक्के सूट.

ओट्यावर बसलो.
इथून बागुलांचं दार दिसतं,
काळी चौकट, वर नवाकोरा मीटर.
छिन्नी, हातोडा पेटीत. पेटी कॉटखाली.
कोबा तीन इंच जाड आहे,
मीच घातलेला.
एका माणसाला फोडायला दोन दिवस,
शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही तर.